१ जानेवारी २०१७ च्या सदतीस नोंदी

आमच्या धंद्यात ‘डेटा’ हा शब्द मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहे. जळालेली मोटर टेबलावर आली की वायंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तांब्याची तार, कापण्याआधी सगळं लिहून घ्यायचं: स्लॉट किती, एका कॉइलला टर्न किती, वायर किती गेजची, पिच कुठून कुठे, कनेक्शन स्टार की डेल्टा. याला डेटा घेणं म्हणतात. डेटा न घेता कोणी छिन्नी चालवली तर नाना त्या दिवशी त्याच्याशी बोलत नाहीत.

नाना म्हणजे माझे सासरे. चोपड्याला आमचं मोटर रिवायंडिंगचं वर्कशॉप आहे. नाना आता स्वतः कॉइल टाकत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. पण स्टूल टाकून बसतात आणि बोबिनच्या, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या यंत्राच्या, आवाजावरून टर्न चुकला की सांगतात. त्यांच्या हातच्या सात वह्या आहेत, ऑइलच्या बोटांनी कडा काळ्या झालेल्या. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मी त्या टाईप करायला घेतल्या, नोट्सच्या एका ॲपमध्ये. प्रत्येक मोटरची एक नोंद, म्हणजे एक फाईल, सोबत फोटो. वर्कशॉपमधला कॉम्प्युटर, माझा फोन आणि ह्यांचा फोन, तिन्हीकडे तेच फोल्डर. ॲपचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण शेवटी त्याचा दोष फार थोडा निघाला.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चार दिवस माहेरी गेले होते, शहाद्याकडे. परत आले तर दारात पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटर एकत्र असलेली, पडलेली. नऊ दिवसांपूर्वी आम्हीच नवी तार भरून दिलेली. केळीवाला शेतकरी, ऐन वैशाख, आणि बागेला दोन दिवसांपासून पाणी नाही. तो माणूस आमच्यावर ओरडला नाही, हेच जास्त लागलं. “नाना, मोटर जयी गयी,” म्हणजे जळून गेली, एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला.

नेहमी मोटर जळते ती व्होल्टेज पडल्याने, नाहीतर एक फेज गेल्याने. आम्ही आधी तेच धरलं. पण नानांनी वायरचा तुकडा साफ करून मायक्रोमीटरमध्ये धरला. ०.८१. म्हणजे एकवीस गेज. वहीत होता वीस. वीस गेजची तार ०.९१४ मिलिमीटर, एकवीसची ०.८१३. बघायला केसाएवढा फरक, पण तांब्याचं क्षेत्रफळ एक पंचमांशाने कमी होतं. तेवढ्याच करंटला तार जास्त तापते, आणि पत्र्याच्या शेडखाली चव्वेचाळीस डिग्रीत दिवसभर चालली की इन्सुलेशन हार मानतं. सगळं तांबं आमच्या पदरचं गेलं. ते असो.

बोबिनवरच्या पोऱ्याने ह्यांच्या फोनमध्ये बघून एकवीस घेतला होता. त्याचं काही चुकलं नाही. फोनमध्ये एकवीसच होतं. चूक मूळची माझी: नानांच्या अक्षरात शून्याला शेपूट असते, ते मी एक वाचलं. पण ती चूक मार्चमध्येच नानांनी पकडली होती आणि मी कॉम्प्युटरवर दुरुस्तही केली होती. माझ्या डोळ्यांसमोर २१ चा २० झाला होता. मग परत २१ कसा?

मी सरळ ह्यांच्या फोनवर आळ घेतला. आणि तिथे सापडलं पण भरपूर, त्यामुळे मला महिनाभर वाटत राहिलं की मी बरोबरच आहे.

पहिली गोष्ट बॅटरीची. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हापासून फोन पडून राहिला, स्क्रीन बंद असली, की अँड्रॉइड मागच्या मागे चालणाऱ्या ॲपना झोपवतं. त्यावर काही कंपन्यांचे फोन स्वतःचं आणखी एक झोपेचं औषध देतात. ह्यांच्या फोनमध्ये दोन्ही चालू होती. शिवाय ह्यांना सवय: दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स वर सरकवून बंद करायची, “फोन हलका राहतो” म्हणून. परिणाम असा, की आमचं ॲप फक्त समोर उघडं असेल तेव्हाच जुळवाजुळव (तिन्हीकडच्या नोंदी सारख्या करणं, म्हणजे सिंक) करायचं. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपवरची बॅटरीची बंधनं काढली. सरकवायची सवय काढायला जास्त दिवस लागले.

दुसरी गोष्ट, ॲप उघडायलाच चाळीस सेकंद. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे फोन हातात धरून पांढऱ्या स्क्रीनकडे बघतायत. इथे मात्र दोष माझा. एकोणीसशे नोंदी, तीन हजार शंभर फोटो, एकेक फोटो सरासरी चार एमबीचा. फोल्डर बारा जीबीच्या वर. स्टेटरचा, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचा, फोटो कशासाठी? तर कनेक्शन कुठून कुठे गेलंय ते दिसावं म्हणून. त्याला चार एमबी कशाला लागतात? सगळे फोटो सोळाशे पिक्सेल रुंदीचे करून घेतले, तीनशे केबीच्या आसपास आले. फोल्डर एक जीबीच्या आत. मूळ फोटो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, ते आजवर कोणी मागितलेले नाहीत.

आणखी एक मूर्खपणा. नानांची पहिली वही मी टाईप न करता नुसती स्कॅन करून एकाच नोंदीत चिकटवली होती. दोनशे बारा पानं, एका नोटमध्ये. ती नोंद उघडली की फोन थिजायचा. तिच्यात एक अक्षर टाईप केलं की ॲप सगळी नोंद पुन्हा वाचून पुन्हा मांडायचं. पानागणिक नोंद केली, प्रश्न संपला.

शोधसुद्धा चालत नव्हता. म्हणजे चालायचा, पण जुनंच सापडायचं. कारण कळलं तेव्हा हसू आलं. ॲप शोधासाठी सगळ्या नोंदींची एक सूची बनवतं. ह्यांच्या फोनवर ती सूची निम्मी होईपर्यंत हे ॲप सरकवून टाकायचे, आणि पुढच्या वेळी ॲप पुन्हा पहिल्या नोंदीपासून सुरू. किती महिने ते बिचारं पहिल्या सातआठशे नोंदींतच फिरत होतं कोण जाणे. एका रात्री फोन चार्जिंगला लावला, स्क्रीन चालू ठेवली, ॲप उघडं ठेवलं आणि झोपलो. सकाळी सूची पूर्ण. रात्रीच करायला हवं होतं, कारण मे महिन्यात दुपारी आमच्या शेडमध्ये फोन तापून आपोआप हळू होतो आणि चार्जिंगही थांबवतो. तो फोन खराब नाही, तो नानांपेक्षा शहाणा आहे. नाना दुपारी एकलाही बाहेर स्टूल टाकतात.

कॉम्प्युटरवरचं ॲपसुद्धा टाईप करताना अडखळायचं. तिथे अकरा प्लगइन (ॲपला जोडायचे छोटे जादा प्रोग्रॅम) टाकलेली होती, बरीचशी यूट्यूब बघून. कोणतं त्रास देतंय हे शोधायला मी आमचीच रीत वापरली. मोटर अर्थ झाली, म्हणजे करंट बॉडीत उतरला, की आम्ही काय करतो? स्टारचा जोड सोडायचा, तिन्ही फेज वेगळे, टेस्ट लॅम्प लावायचा. ज्या फेजला दिवा लागला त्याचे ग्रुप मधोमध तोडायचे, पुन्हा लॅम्प. अर्धं, अर्ध्याचं अर्धं, मग कॉइल सापडते. प्लगइनचं तसंच केलं. सगळी बंद, ॲप सुरळीत. सहा चालू, अडखळतंय. तीन बंद. चौथ्या फेरीत सापडलं: नोंदींचं आपसातलं जाळं रंगीत ठिपक्यांनी दाखवणारं प्लगइन. दिसायला नवरात्रातल्या रांगोळीसारखं सुंदर. आमच्या कामाचं शून्य.

तर मे संपेपर्यंत सगळं चकाचक. मी ह्यांना रोज एकदा तरी ऐकवायचे, की बघा, फोन सुधारला तर सगळं सुधारलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका ओपनवेलच्या मोटरचे टर्न आपोआप बदलले. ४६ चे पुन्हा ४४. ह्यांचा फोन त्या दिवशी दिवसभर माझ्या समोर होता.

मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो कॉम्प्युटरवालाच आहे. रविवारी तो पूर्ण फोल्डर स्वतःच्या जुन्या मॅकवर उतरवून बसला आणि तासाभराने त्याचा फोन आला, “मामी, तुमच्याकडे ‘दुसऱ्या बोअरची मोटर’ नावाच्या नोंदी जुळ्या का आहेत?”

इथे थोडं विषयांतर करते, कारण मराठीत नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी चावणार आहे. आमच्याकडे शेतकऱ्याचे दोन बोअर म्हणजे ‘पहिला’ आणि ‘दुसरा’, त्यामुळे ‘दुसऱ्या’ हा शब्द नोंदींत शेकड्याने. आता ‘ऱ्या’ पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाईप करते, तिथे ‘ऱ’ची स्वतःची कळ आहे, शिफ्ट धरून ‘र’. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या क्रमवारीत, त्याला र च्या शेजारचाच स्वतंत्र क्रमांक आहे. ह्यांच्या फोनचा कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. जुन्या युनिकोडपासूनची ही पद्धत, अजून चालते. आणि भाच्याच्या जुन्या मॅकने तिसरंच केलं, ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे केले. मॅकची २०१७ च्या आधीची फाईल व्यवस्था फाईलींची नावं अशी फोडूनच ठेवायची. माणसाला तिन्ही सारखे. कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द, म्हणून तीन वेगळ्या फाईली. मी ‘दुसऱ्या’ शोधलं की ३८ नोंदी यायच्या, ह्यांनी शोधलं की २३, आणि आमचं भांडण व्हायचं की कोणी पुसल्या.

नानांना हे समजावलं. ते अहिराणीच बोलतात, ज्यात दर दुसऱ्या वाक्यात ‘करी ऱ्हायनू’, ‘करी ऱ्हायनी’ असतं. ते म्हणाले, बरं झालं मी वही मराठीत लिहिली.

तेवढ्यावर संपलं नाही. फोल्डरमध्ये ‘स्वत’ नावाची एक शून्य बाइटची फाईल होती. ती नानांची. फोनवर विसर्ग सापडत नाही म्हणून ते कोलन टाकतात, जसं आपण सगळेच टाकतो, वर्तमानपत्रंही टाकतात. नोंदीचं नाव ‘स्वत:कडचे जुने स्टेटर’. विंडोजमध्ये फाईलच्या नावात कोलन चालत नाही. बहुतेक वेळा नाव नाकारलं जातं, पण कधी कधी कोलनच्या आधीचं तेवढं नाव उरतं आणि मजकूर फाईलच्या मागे अशा कप्प्यात जातो जो फोल्डरमध्ये दिसतच नाही. नानांनी गेली दोन वर्षं जपून केलेली जुन्या स्टेटरची यादी अशी ‘स्वत’मध्ये गडप झाली होती. भाच्याने काढून दिली.

आणि ह्यांच्या बोलून टाईप केलेल्या नोंदी. ॲप पहिल्या ओळीला नाव समजतं. हे माईकवर एका दमात “नदीकाठच्या मळ्यातली साडेसात एचपीची सबमर्सिबल दुसऱ्यांदा आली मागच्या वेळी आपणच भरली होती बेअरिंग पण गेलंय” असं बोलून मोकळे. अँड्रॉइडवर फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाला तीन. ‘वायंडिंग’ या एका शब्दाला चोवीस लागतात. म्हणजे पंचाऐंशीच्या आसपास चिन्हं झाली की जागा संपली. विंडोज मोजतं वेगळं, तिथे तेच नाव आरामात बसतं. त्यामुळे फोनवर नाव कापलं जायचं, मग कॉम्प्युटरवर मी ते पूर्ण करायचे, आणि ती फाईल फोनवर परत कधी उतरायचीच नाही.

यावर उपाय एकच केला. फाईलच्या नावात आता फक्त आकडे. मोटरला आम्ही पत्र्याचा टॅग बांधतोच, त्यावर नंबर ठोकलेला असतो, तोच फाईलचं नाव. बाकी सगळं मराठी आत. सगळे ‘ऱ्या’ भाच्याच्या एका छोट्या प्रोग्रॅमने एका तऱ्हेचे झाले. हे करण्याआधी दोन्ही फोनवरची जुळवाजुळव बंद केली होती आणि पूर्ण प्रत काढून ठेवली होती, नाहीतर एकोणीसशे फाईलींची नावं एकदम बदलताना नवीन जुळी जन्माला आली असती. आकडेही सगळीकडे मराठी केले. इंग्रजी 5 आणि मराठी ५ शोधात एकमेकांना ओळखत नव्हते.

पण ४६ चे ४४ का झाले, ते अजून तसंच.

“मामी, तुम्ही पेनड्राइव्हवर कॉपी काढता ना? त्या तारखेने लावा.”

काढते. शनिवारी सकाळी, झाडझूड व्हायच्या आत, फोल्डरची कॉपी. वेडेपणा म्हणून हे हसतात. तारखेने लावलं, आणि यादीच्या तळाशी सदतीस नोंदी. सगळ्या १ जानेवारी २०१७ च्या. आमचा कॉम्प्युटर २०१८ मध्ये आला. नोंदी २०२१ पासून आहेत. आणि त्यांत ती पाच एचपीची मोनोब्लॉक, गेज २०, वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटं. मी रात्री दोनला कधी वर्कशॉपमध्ये होते?

मग माझंच डोकं हललं. रात्री दोन नव्हे. कॉम्प्युटर चालू केल्यापासून दोन तास दहा मिनिटं.

रात्री घरी जाताना मेन स्विच पाडून जायचं, ही नानांची चाळीस वर्षांची शिस्त. मेन पडला की कॉम्प्युटरला वीज नाही, आणि आतलं घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. तो सेल फेब्रुवारीतच मेला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. दोनतीन दिवसांनी जीएसटीची साइट उघडायला गेले की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं यायचं, मी कोपऱ्यातली तारीख बघायचे, चुकली म्हणून हाताने बरोबर करायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. चार महिने मी हे करत होते. तारीख चुकीची असली की साइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला ‘अजून सुरूच न झालेली’ वाटतात, म्हणून नोट्सची जुळवाजुळवही बंद पडायची. आणि मी तारीख नीट केली की ती सुरू व्हायची, दोन प्रती बघायची: पहिली मार्च २०२५ ची, चुकीची, दुसरी जानेवारी २०१७ ची, दुरुस्त केलेली. नवी ती खरी, हा तिचा साधा नियम. माझी दुरुस्ती आठ वर्षं जुनी ठरून फेकली जायची.

ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघत सगळी ॲप्स एकेक करून वर सरकवली.

सेल पन्नास रुपयांचा आला. बदलायला पाच मिनिटं लागली, त्यातली चार झाकणाचा स्क्रू शोधण्यात.

त्या सदतीस नोंदी परत आणताना एक काळजी घ्यावी लागली. पेनड्राइव्हवरून तशाच उचलून टाकल्या असत्या तर २०१७ चीच तारीख घेऊन पुन्हा हरल्या असत्या. प्रत्येक नोंद उघडली, नानांच्या वहीशी ताडली, शेवटी एक स्पेस टाकून जतन केली, म्हणजे तारीख आजची पडते. चौतीस जुळल्या. तीन अडल्या: तिथे माझी दुरुस्ती आणि ह्यांची फोनवरची दुरुस्ती दोन्ही झालेल्या होत्या, वेगवेगळ्या, आणि नानांच्या वहीत त्या मोटरीच नाहीत. त्या तीन नोंदींच्या वर मी ‘मोजून घेणे’ लिहून ठेवलं.

त्यातली एक परवा आली, अडावदकडची, तीन एचपी. जळलेली नव्हती, बेअरिंगसाठी आली होती, पण नानांनी झाकण उघडायला लावलं आणि ओव्हरहँगमधल्या, म्हणजे स्लॉटबाहेर आलेल्या तारांच्या, जोडाजवळचं इनॅमल खरवडून मायक्रोमीटर लावला. ०.७१. बावीस गेज. ह्यांचं बरोबर होतं, माझं नाही. मी नोंद बदलली, तारीख तपासली, आणि ह्यांच्या फोनवर उतरली का ते बघायला फोन मागितला.

फोन चार्जिंगला लावलेला होता. वार्निशच्या ओव्हनवर.